कृतिदेवमधली जुनी फाईल: रूपांतर करण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न वाचला आणि पहिल्या दोन ओळींतच पोटात कालवलं. वडिलांनी २००५ साली डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेल्या आठवणी, १८० पानं, पेनड्राईव्हवर एक पेजमेकरची (पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमची) फाईल आणि एक वर्डची. उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम. कृतिदेव हा जुना फाँट असाच: फाईलमध्ये असतात इंग्रजी अक्षरं, फाँट ती मराठी करून दाखवतो. आणि तुम्ही विचारताय, हे युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत, आणणारा सगळ्यात चांगला ऑनलाईन कन्व्हर्टर कोणता.

कन्व्हर्टरचं नंतर बघू. फाईल बंद करताना 'बदल सेव्ह करायचे का' असं विचारलं असेल, तर तुम्ही काय उत्तर दिलंत? 'नाही' म्हटलं असेल तर सगळं सुखरूप आहे. आत्ताच्या आत्ता तिच्या दोन प्रती काढा, एक दुसऱ्या पेनड्राईव्हवर आणि एक स्वतःलाच ईमेलने. मूळ फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रीड ओन्ली'वर खूण करा. मग पुढचं वाचा.

युनिकोड काय, फाँट कसा टाकायचा, हे सोडून देते, ते तुम्हाला येत असणारच. मी संगणक क्षेत्रातली नाही, शाळेत भूगोल शिकवायचे. अशा फाईली दुरुस्त करण्याचा नाद मला लागला तो एका चुकीमुळे. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून एवढं लांबण लावते आहे.

माझ्या आईने दर्यापूर तालुक्यातल्या गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. ६४० ओव्या. २००३ साली अमरावतीच्या एका डीटीपी सेंटरमध्ये त्या टाईप करून घेतल्या, ९२ पानं झाली. मूळ वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. आई गेली २००९ मध्ये. उरली ती वर्डची एकच फाईल आणि आईने लाल पेनने तपासलेली ५८ पानांची प्रुफं.

२०१२ मध्ये एका कार्यालयाने प्रकाशनासाठी अनुदान देऊ केलं. नाव घेत नाही. त्यांनी सोमवारी सांगितलं की मजकूर युनिकोडमध्येच हवा आणि शुक्रवारी हवा. कसा करायचा, कोण करून देतं, हे विचारलं तर 'ते तुमचं तुम्ही बघा' एवढंच उत्तर. मी तीनदा गेले, तीन वेगळ्या टेबलांवर हेच ऐकलं.

मग मी रात्री बसले. कुठल्या इंग्रजी अक्षराचं कुठलं मराठी अक्षर, हे सांगणारा कृतिदेवचा तक्ता समोर ठेवला आणि वर्डमधल्या 'फाईंड अँड रिप्लेस'मध्ये एकेक अक्षर बदलत सुटले. 'डी'च्या जागी क, 'यू'च्या जागी न, 'जी'च्या जागी ह. प्रत्येक बदलानंतर कंट्रोल-एस. चौदा अक्षरं झाल्यावर लक्षात आलं की पहिली वेलांटी सगळीकडे चुकीच्या जागी येते आहे. तेव्हा दमून फाईल बंद केली.

चूक वेलांटीची नव्हती, ती नीट करता येते. चूक होती एका न केलेल्या खुणेची. त्या खिडकीत 'मॅच केस' नावाचा एक चौकोन असतो. त्यावर खूण नसेल तर वर्डला लहान 'डी' आणि कॅपिटल 'डी' सारखेच. कृतिदेवमध्ये मात्र लहान 'डी' म्हणजे पूर्ण क आणि कॅपिटल 'डी' म्हणजे अर्धा क्. लहान 'यू' म्हणजे न, कॅपिटल म्हणजे न्. एका रात्रीत माझ्या फाईलमधली अर्धी आणि पूर्ण अक्षरं एक झाली. 'पक्का'चा 'पकका' झाला. तेही वाचून सुधारता येतं.

पण लहान 'जी' म्हणजे ह आणि कॅपिटल 'जी' म्हणजे ळ. आईच्या ओव्यांतला प्रत्येक ळ त्या रात्री ह झाला. बाळाचा बाह, गळ्याचा गहा, दळणाचं दहण. जात्यावरची ओवी म्हणजे बाळ, दळण, वेळ, सकाळ. कुठलंही पान घेतलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

'बाह' बघून 'बाळ' ओळखता येतो. पण 'काळी' आणि 'काही' दोन्ही शब्द खरे आहेत. 'पळा' आणि 'पहा' दोन्ही खरे आहेत. प्रुफं नसलेल्या ३४ पानांत दुष्काळाची एक ओवी आहे. तिच्यात 'काही बोलेना' असं दिसतं. बाई काही बोलेना, की वऱ्हाडातली काळी, म्हणजे जमीन, बोलेना? मला मनातून वाटतं ती काळीच आहे. पण मला वाटण्याला काय अर्थ? ज्या बाईने ती म्हटली ती नाही आणि जिने लिहून घेतली तीही नाही. आजही त्या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.

शुक्रवारी मजकूर गेला नाही, अनुदानही गेलं. त्याचं फार नाही. पण एका बाईच्या पंचवीस वर्षांच्या कामाला चार दिवसांची मुदत देताना, हे कसं करायचं याचा साधा एक पानाचा कागद तरी देता आला असता, याचा राग अजून जात नाही.

आता तुमच्या फाईलबद्दल. आधी फाँट ओळखा. पीडीएफ असेल तर सोन्याहून पिवळं, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फाँट्स' नावाचा भाग असतो, तिथे सगळी नावं दिसतात. पेजमेकरची फाईल लिबरऑफिसमध्ये (वर्डसारख्या मोफत प्रोग्रॅमांचा संच) उघडून पाहा, ती त्यातल्या 'ड्रॉ'मध्ये उघडते. मांडणी विस्कटते, पण मजकूर हाती येतो आणि फाँटचं नावही. पेजमेकर २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर बंदच पडलं, तेव्हा जुनं पेजमेकर मिळवण्याच्या भानगडीत पडू नका. एकाच फाईलमध्ये मथळ्यांना एक फाँट आणि मजकुराला दुसरा, असं सर्रास असतं. म्हणून 'सिलेक्ट ऑल' करून मंगल हा युनिकोडचा फाँट लावणं कधीही करू नका. फाँटचं नाव गेलं की कुठला तुकडा कुठल्या तक्त्याने वाचायचा हेच कळत नाही. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या दुसऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचे फाँट असतील तर त्यांचे तक्ते वेगळे. मी सांगते आहे ते कृतिदेवपुरतं.

फाईल हाताळताना वर्डचं ऑटोकरेक्ट बंद ठेवा. कृतिदेवमध्ये एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श आणि दुहेरी म्हणजे अर्धा ष. तुम्ही एखादी दुरुस्ती टाईप करायला गेलात की वर्ड ती चिन्हं आपोआप वळणदार करतं आणि वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं. म्हणजे न सांगता मजकूर बदलतं.

आता कन्व्हर्टर. माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या: कुठलाही कन्व्हर्टर चांगला किंवा वाईट नसतो, तो मराठीसाठी तपासलेला असतो किंवा नसतो. बरेचसे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. हिंदीत ऱ्य आणि ऱ्ह लागत नाहीत, त्यामुळे 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं आणि 'वऱ्हाड'चं 'वर्हाड'. आधी फाईलमधून असे दहा शब्द उचला: दुसऱ्या, तऱ्हा, बाळ, कर्म, किल्ली, शक्ती, ज्ञान, ऑफिस, पुष्कळ, आणि वडिलांच्या गावाचं नाव. तेवढेच टाकून बघा. 'कर्म' आणि 'किल्ली' मुद्दाम घेतले आहेत. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणून पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ही अदलाबदल ज्याला जमत नाही तो लगेच उघडा पडतो.

घरगुती मजकूर परक्या साईटवर टाकायला मन धजत नसेल तर कन्व्हर्टरचं पान सेव्ह करा, इंटरनेट बंद करा आणि चालवून पाहा. यातले बरेच ब्राउजरमध्येच काम करतात, त्यांना नेट लागत नाही.

छापील प्रत किंवा प्रुफं असतील तर ती मात्र जिवापाड जपा. ३०० डीपीआयने स्कॅन करा, गूगल ड्राईव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर बराच बरा येतो. स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्टही चांगलं आहे, मोफत आहे, पण कमांड लिहायची तयारी हवी. असं करून तुमच्याकडे दोन मजकूर होतील, एक कन्व्हर्टरचा आणि एक स्कॅनचा. ते विनमर्जमध्ये शेजारी शेजारी ठेवा, हा प्रोग्रॅम दोन मजकुरांतला फरक रंगाने दाखवतो. स्कॅनमध्ये घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत होते. कन्व्हर्टर तिथे चुकत नाही, तो ऱ्य आणि जोडाक्षरांत चुकतो. दोघं एकाच जागी क्वचित चुकतात, म्हणून जिथे रंग दिसेल तेवढंच डोळ्यांनी वाचायचं. माझी ५८ पानं अशी तीन आठवड्यांत झाली. प्रुफं नसलेल्या ३४ पानांना दोन वर्षं लागली.

जाता जाता: 'ऍ', 'अॅ' आणि 'ॲ' हे शोधताना तीन वेगळे शब्द धरले जातात. तिसरं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. शेवटी सगळीकडे एकच करून घ्या, नाहीतर वडिलांच्या आठवणींतलं 'ॲम्ब्युलन्स' शोधून सापडणार नाही. आणि लिबरऑफिसमध्ये 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' असा पर्याय आहे, तो आजच चालू करा. सेव्ह करताना आधीची प्रत वेगळी राहते.

फाँटच्या भागात कोणकोणती नावं दिसतात ती इथे लिहा. 'कृतिदेव ०१०' असेल तर मी ऱ्य आणि ऱ्हसकट तयार केलेला तक्ता तुम्हाला पाठवते. दुसरा काही असेल तर एका पानाचा स्क्रीनशॉट टाका, आणि तोवर त्या वर्डच्या फाईलला हात लावू नका.