दरवर्षी बजेटमध्ये आमच्या भागाची पाण्याची टाकी दिसते, नळाला पाणी मात्र येत नाही. महापालिका मोठ्या कामांचं नियोजन आणि पैसा ठरवते तरी कशी?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं बजेटमध्ये टाकीच्या नावापुढे १० लाखच दिसत होते, पाचव्या वर्षी टाकी उभी राहिली आणि अजून ती कोरडी आहे. यात कुणीतरी पैसे खाल्ले असणार, असा तुमचा अंदाज. तसं झालं असेलही. पण एक रुपयाही न खाता टाकी अशीच कोरडी राहू शकते, आणि बहुतेक ठिकाणी राहते ती याच कारणाने. लेखा विभागाच्या बाजूने अशा फायली मी बरीच वर्षं तपासल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते १० लाख म्हणजे टोकन तरतूद. टाकी त्या पैशातून बांधायचीच नसते. लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं त्या कामाचं खातं, उघडं राहावं, कामाला नाव-नंबर मिळावा, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) मान्य करून घेता यावं, एवढ्यासाठी ती रक्कम टाकतात. पुढे निविदा निघते ८ कोटींची आणि त्या वर्षीची तरतूद असते १० लाख. उरलेल्या ७ कोटी ९० लाखांसाठी नगरसेवकांच्या मुख्यसभेपुढे महापालिका कायद्यातल्या कलम ‘७२ ब’चा विषय जातो. एका वर्षात न संपणाऱ्या कामाला पुढच्या वर्षांच्या बजेटमधून पैसे देण्याची कबुली सभा आधीच देऊन ठेवते. ही सोय गरजेची आहे. मोठा पूल किंवा जलशुद्धीकरण केंद्र बारा महिन्यांत होत नाही आणि बजेट तर ३१ मार्चला संपतं. गडबड एवढीच की अशा किती कबुल्या दिल्या आणि त्यांची बेरीज किती, हे सभेपुढे त्या वेळी कुणी ठेवत नाही. त्या बेरजेला दायित्व म्हणतात. बजेट आलं की लोक आपल्या प्रभागाचं पान उघडतात. मी आधी दायित्वाचा आकडा शोधतो, आणि बऱ्याचदा तो छापलेलाच नसतो.

आता तुमची टाकी घेऊ. आकडे हिशेबापुरते धरलेत, तुमच्या भागाचे वेगळे असतील. लोकसंख्या ४५ हजार, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे दिवसाला साधारण ६० लाख लिटर. त्याचा एक तृतीयांश साठा धरला की २० लाख लिटरची उंच टाकी येते. पण टाकी हा त्या योजनेचा चौथा हिस्सा झाला. जलशुद्धीकरण केंद्रापासून टाकीपर्यंत पाणी चढवणारी दाबनलिका लागते. पंप, ट्रान्सफॉर्मर आणि वीजजोड लागतो. टाकीच्या पायथ्याला मीटर आणि झडपा, आणि तिथून घरांपर्यंत वितरण वाहिन्या. ही चार कामं चार लेखाशीर्षांत बसतात, चार निविदा होतात आणि अनेकदा चार वेगवेगळ्या कार्यकारी अभियंत्यांकडे जातात. चौघांपुढेही टोकन तरतूदच असते. टाकी लांबून दिसते, तिच्यापुढे नारळ फोडता येतो, म्हणून वर्गीकरणाचे, म्हणजे दुसऱ्या कामांच्या शीर्षांतून काढलेले, पैसे आधी टाकीकडे वळतात. दाबनलिका जमिनीखाली असते, तिच्यासाठी कुणी आग्रह धरत नाही.

मग काय होतं ते बघा. टाकीचं काँक्रीट पूर्ण झालं की गळती चाचणी करावी लागते. काठोकाठ पाणी भरायचं, काँक्रीटने शोषून घेण्यासाठी सात दिवस तसंच ठेवायचं, नंतर आणखी सात दिवस बाहेरच्या बाजूने भिंती, तळ आणि सांधे रोज तपासायचे. कुठेही ओल दिसता कामा नये. यासाठी लागतात २० लाख लिटर. दाबनलिका आली नसेल तर १० हजार लिटरचे २०० टँकर. ते कोण आणणार? ठेकेदार म्हणतो पाणी पुरवणं पालिकेचं काम, विभाग म्हणतो निविदेत चाचणी ठेकेदाराच्या दरात धरली आहे. पत्रं फिरत राहतात. चाचणी नाही म्हणून पूर्णत्वाचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून अंतिम देयक नाही, सुरक्षा ठेव अडकलेली, आणि दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, नेमका कधीपासून मोजायचा यावर वाद. दोन-तीन वर्षांनी दाबनलिका जोडली जाते, पाणी भरलं की तळाच्या सांध्यातून पाझर दिसतो, आणि तोवर ठेकेदार कागदोपत्री मोकळा झालेला असतो. दुरुस्तीचं वेगळं पूर्वगणनपत्रक, वेगळी टोकन तरतूद. तुमची टाकी या साखळीत कुठे अडकली आहे ते बाहेरून सांगता येत नाही, पण टाकीच्या पायथ्याशी जाऊन बघा. येणाऱ्या मोठ्या नळाचं तोंड आंधळी प्लेट लावून बंद केलेलं असेल तर दाबनलिका अजून आलेली नाही.

काम चालू असताना पैसे कसे जातात, हेही सांगायला हवं. ठेकेदाराचं पहिलं चालू देयक समजा सव्वा कोटीचं, जानेवारीत येतं. मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या, उपअभियंत्याने तपासलं, देयक लेखा विभागात आलं आणि शीर्षात १० लाख आहेत. मग दुसऱ्या कुठल्यातरी कामाची न वापरलेली रक्कम शोधायची, वर्गीकरणाचा विषय स्थायी समितीत न्यायचा, मंजुरी आली की देयक काढायचं. यात दोन महिने गेले की मार्च उजाडतो. मार्चमध्ये सगळेच विभाग देयकं घेऊन येतात, तिजोरीत आहे तेवढंच वाटलं जातं आणि उरलेलं पुढच्या वर्षावर. ठेकेदाराला पैसे उशिरा मिळणार हे माहीत असतं, म्हणून तो निविदेतच ते धरतो किंवा मजूर कमी करतो. १८ महिन्यांची मुदत ४० महिन्यांवर जाते, मुदतवाढीबरोबर भाववाढीचे प्रस्ताव येतात. पावसाळ्यात पाया खोदून ठेवला असेल तर पाणी उपसण्याचा खर्च वेगळा.

पैसा येतो कुठून, याचं उत्तर थोडक्यात. मालमत्ता कर, बांधकाम परवानगी आणि विकास शुल्क, पाणीपट्टी, आणि जकात-एलबीटी (शहरात येणाऱ्या मालावरचे पालिकेचे कर) गेल्यानंतर राज्याकडून मिळणारी जीएसटी भरपाई, जी २०१६-१७ चा पाया धरून दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. यातून पगार, निवृत्तिवेतन, वीज, कचरा, बससेवेची तूट भागवून जे उरतं ते भांडवली कामांना. वरून केंद्र आणि राज्याच्या योजना. केंद्राच्या अमृत २ या पाणीयोजनेत १० लाखांवर लोकसंख्येच्या शहराला केंद्राचा वाटा २५ टक्के, १ ते १० लाख लोकसंख्येच्या शहराला एक तृतीयांश, आणि तोही २०, ४०, ४० टक्के अशा हप्त्यांत. पुढचा हप्ता आधीचा खर्च दाखवल्यावर. म्हणजे योजना मंजूर झाली तरी तुमचा स्वतःचा हिस्सा वेळेवर हवा. तो नसेल तर केंद्राचे पैसेही अडकतात. बजेट फुगवायची जागा बांधकाम परवानगीची, कारण तो आकडा कितीही धरता येतो आणि वर्षअखेरीस ‘बाजार मंद होता’ म्हणता येतं. मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा आणि या वर्षीचा अंदाज शेजारी ठेवून बघा, कळेल.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो ते. ‘शहर गहाण टाकू नका, कर्ज नको’ हे वाक्य सभागृहात आणि वर्तमानपत्रांत इतक्या वेळा ऐकलंय की त्याला हिशेबाने उत्तर द्यायलाच हवं. ज्यांच्याशी माझा हा वाद वर्षानुवर्षं चालला त्यांचं म्हणणं असं की जमेल तसं, आपल्या पैशाने, थोडं थोडं करावं. ८ कोटींची टाकी पाच वर्षं पुढे ढकलली आणि सिमेंट, लोखंड, मजुरी वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली, तर ती १० कोटी ७० लाखांची होते. हे २ कोटी ७० लाख व्याजच आहे, फक्त कर्जाच्या खात्यात दिसत नाही. त्याच पाच वर्षांत ४५ हजार माणसांनी टँकरला दिलेले पैसे तर पालिकेच्या कुठल्याच वहीत नाहीत. दायित्व हेसुद्धा कर्जच आहे. त्याला परतफेडीचं वेळापत्रक नाही, पतमानांकन नाही, आणि पैसे कुणाला देणं आहे हे विचारायचीही सोय नाही. रोख्याला, म्हणजे पालिकेने बाजारातून घेतलेल्या लेखी कर्जाला, निदान हे सगळं असतं.

अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे आणले, मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के. म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख व्याज. दहाव्या वर्षी मुद्दल परत द्यायचं तर दरवर्षी बाजूला किती टाकायचे? ठेवीवर ६ टक्के मिळतात असं धरलं तर जवळपास तेवढेच, १५ कोटी १७ लाख. दोन्ही मिळून वर्षाला सुमारे ३० कोटी ३५ लाख, दहा वर्षं, आधीपासून माहीत. शिवाय रोखे काढल्याबद्दल केंद्राने २६ कोटी प्रोत्साहन दिलं. मालमत्ता कराची जमा आधी वेगळ्या खात्यात जाते आणि त्यातून हप्ता बाजूला काढल्यावरच उरलेली पालिकेला मिळते, त्यामुळे रोखेधारकाला काळजी नसते आणि पालिकेलाही दुसरीकडे हात घालता येत नाही. माझ्या मते रोख्याचा सर्वांत मोठा फायदा हाच, व्याजदर नंतरची गोष्ट.

मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच वर्षी पुण्याच्या त्या योजनेच्या निविदा रद्द करून फेरनिविदा काढाव्या लागल्या. पैसा हातात आला आणि खर्चायला काम नव्हतं, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू. म्हणून कर्ज उभं करायचं ते जागा ताब्यात, निविदा अंतिम आणि कार्यादेश तयार असतानाच. जागेबद्दल विशेष सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट मोबदला जातो आणि पूर्वगणनपत्रकात तो बहुतेक वेळा नसतोच. पुण्यातला कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंदीचा ठरला होता. जागेचे पैसे जमेनात म्हणून तो ५० मीटरवर आणावा लागला. आणि पदपथाचे ब्लॉक, कमानी, सुशोभीकरण यासाठी कर्ज काढायला माझाही ठाम विरोध आहे. २० वर्षं फेडायचं कर्ज असेल तर वस्तू २० वर्षं टिकली पाहिजे.

दुसरी एक बाजू कर्जवाले आणि कर्जविरोधी दोघेही विसरतात, ती म्हणजे टाकी झाल्यानंतरचा खर्च. रोज ६० लाख लिटर पाणी ५० मीटर चढवायचं आणि पंप-मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर रोज साडेबाराशेच्या आसपास युनिट लागतात. ९ रुपये युनिट धरा, वर्षाचं वीजबिल ४१ लाखांच्या पुढे. त्यात पंपचालक, क्लोरीन, झडपांची दुरुस्ती वेगळी. हे पैसे महसुली, म्हणजे रोजच्या खर्चाच्या, बजेटमधून येतात, बांधकामाच्या भांडवली बजेटमधून नव्हे, आणि टाकी मंजूर करताना ते कुणी विचारत नाही. पाच वर्षांचा खरा आराखडा असेल तर त्यात प्रत्येक कामापुढे जागा ताब्यात आहे का, एकूण खर्च, वर्षनिहाय लागणारी रक्कम, कुठल्या स्रोतातून, आणि चालू झाल्यावर वर्षाचा खर्च किती, एवढे रकाने लागतात. दरवर्षी एक वर्ष गळतं, एक जोडलं जातं. त्यात नसलेल्या कामाला ‘७२ ब’ द्यायचाच नाही.

तुम्ही काय करायचं ते आता. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, पण ‘टाकी का झाली नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. कागद मागा. टाकी, दाबनलिका, पंपिंग आणि वितरण या चारही कामांचे प्रशासकीय मान्यतेचे आदेश, ‘७२ ब’चे ठराव, कार्यादेश, आजवरची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, आणि मोजमाप पुस्तकाच्या शेवटच्या नोंदीची प्रत. टाकीच्या गळती चाचणीचा अहवाल वेगळा मागा. चारपैकी ज्या कामाचा कार्यादेशच नसेल तिथे अडलंय. मग त्याच एका लेखाशीर्षासाठी पूर्ण रकमेची तरतूद मागा, टाकीसाठी नव्हे. हे पत्र ऑक्टोबरमध्येच पोचवा. विभाग आपले प्रस्ताव नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लेखा विभागाकडे पाठवतात, आणि जानेवारीत आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे गेलं की नवं शीर्ष घुसवायला दुसऱ्या कुणाचे तरी पैसे कापावे लागतात.