फुलरीनवर पीएच.डी. केली तर चिप उद्योगात जागा आहे का?

प्रश्न सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी. केमिस्ट्री करणाऱ्या मुलाचा आहे. थोडक्यात सांगतो: आहे, पण वाट सरळ नाही.

फुलरीन म्हणजे नुसत्या कार्बन अणूंचा पोकळ, पिंजऱ्यासारखा रेणू; त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे साठ अणूंचा, चेंडूच्या आकाराचा सी-६०. तो क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी १९८५ मध्ये शोधला, १९९६ चं नोबेल त्यावरच. खरी झुंबड उडाली १९९० नंतर, कारण क्रॅचमर-हफमन यांनी तो ग्रॅफाइटपासून भरपूर बनवून दाखवला. नुसता सी-६० नेहमीच्या द्रावकांत धड विरघळत नाही, म्हणून त्याला बाजूच्या साखळ्या जोडतात. यात हात बसला की पुढची दारं उघडतात, त्यातलं एक चिपचं.

चिपची नक्षी उमटते ती रेझिस्ट नावाच्या प्रकाशसंवेदी थरात. आपल्या चादरीत धाग्यापेक्षा बारीक नक्षी येत नाही, तसंच इथे: रेणू मोठा असला की रेषेची कड खडबडीत होते. सर्वांत बारीक नक्षीसाठी वापरतात त्या ईयूव्ही (अतितीव्र अतिनील) प्रकाशाची तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर, आणि सी-६० चा रेणू जेमतेम १ नॅनोमीटरचा. शिवाय कार्बन ठासून भरलेला, त्यामुळे प्लाझ्मा एचिंगमध्ये, म्हणजे तापट वायूने नक्षी खालच्या थरात कोरताना, टिकतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात यावर बरंच काम झालंय.

तरी कारखान्यात आज प्रामुख्याने दुसरेच रेझिस्ट चालतात. (रसायन सुंदर असणं आणि फॅबमध्ये चालणं, यात फार अंतर असतं.) म्हणून फुलरीनलाच चिकटू नकोस; सिंथेसिस, शुद्धीकरण आणि पातळ थर बनवणं पक्कं कर. नेट-गेट दे, मग पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत गाईड शोध.