दोन रकान्यांत न मावणारा निर्णय

पुण्यातील नोकरी सोडून सोलापुरात वडिलांचे यंत्रमाग चालवावेत का, हे ठरवण्यासाठी तुम्ही फायद्या-तोट्यांचे दोन रकाने आखलेत, ते योग्यच केलेत. अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून हीच रीत सुचवली होती, आणि १८३८ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी लग्न करावे की नाही, याची अशीच यादी केली होती. (कुत्र्यापेक्षा बायको बरी, असाही मुद्दा त्यात आहे!) पुढच्याच जानेवारीत त्यांचे लग्न झाले, ते यादीमुळे झाले, असे मला वाटत नाही.

सुताचा भाव, विजेचे बिल आणि कर्जाचा हप्ता मांडता येतो. परंतु पाच वर्षे कारखान्यात काढल्यावर तुम्हाला काय आवडेल, हे आज मांडता येत नाही, कारण तोपर्यंत निवड करणारा माणूसच बदललेला असतो. मी नोकरी सोडून मागांवर आलो, तेव्हा तो खडखडाट आणि भुवयांवर बसणारी कापसाची पांढरी भुकटी यांचा मला तिटकारा होता. आता सुट्टीच्या दिवशीची शांतताच बेचैन करते. हे मी कोणत्या रकान्यात लिहिणार होतो?

म्हणून किती तोटा सोसवेल आणि परतीची वाट किती महिने उघडी राहील, एवढेच आकड्यांत ठरवा. मग बिनपगारी रजा घेऊन, ऐन वैशाखात, महिनाभर रात्रपाळी सांभाळा, आणि वडिलांना विचारा: त्यांना तुम्ही यायला हवे आहात, की माग विकणे त्यांच्या जिवावर आले आहे?