दहा फुटांच्या बोळाविषयी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, मोबाइलवर आलेले सातही फोटो मोठे करून पाहिले. तुमच्या मागच्या घराकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी पुढच्या घरातल्या चुलतभावाने बसवलेलं फाटक नवं, कुलूप नवं, उजव्या खांबाच्या बुडाशी सिमेंट अजून ओलं दिसतंय. आत भिंतीला लागून चुलतभावाची गाडी. मंगळवारी आईला फिजिओथेरपीहून आणलंस तेव्हा रिक्षा तोंडाशीच थांबली आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली ती बाई वॉकर टेकत परड्यापर्यंत चालत गेली, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ तसाच बसलो. त्या बोळातून तुझे बाबा मला कितीदा सायकलवर डबलसीट घेऊन आलेत.

पण धाकट्याने गॅस कटरवाल्याला सांगून ठेवलंय असं तू शेवटी लिहिलंस, म्हणून आजच्या आज हे लिहितोय. त्या माणसाला फोन करून नको म्हणून सांग. पत्र पुढे वाचायच्या आधी सांग. ज्या दिवशी तुम्ही ते कुलूप तोडाल, त्या दिवसापासून बोळ कुणी अडवला हा प्रश्न मागे पडेल आणि कुलूप कुणी तोडलं हा पुढे येईल. आज तक्रार तुमची आहे, ती त्यांच्या हातात देऊ नका.

पोलिसांनी 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवलं, याचा तुला संताप आलाय. ते तुला टाळत होते की नाही, मला माहीत नाही, पण त्यांच्या म्हणण्याला कायद्यात आधार आहे. कुणाला बेकायदा अडवून धरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. मात्र त्याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे: खासगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे, असं एखाद्याला सद्भावनेने वाटत असेल आणि त्याने ती अडवली, तर तो गुन्हा होत नाही. चुलतभाऊ नेमकं हेच सांगणार की जागा माझी आहे असं मला वाटतं. तरीसुद्धा लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. पुढे तारखा जुळवताना तो कागद लागतो. आणि 'तहसीलदाराकडे जा, मामलेदार कोर्टात अर्ज टाक' असं जे गावात सगळे सांगतायत, ते शेताच्या वाटेसाठी आहे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यात शेतीच्या जमिनीकडे जाणारी वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. तुमचा घरचा बोळ आहे. तिथे हेलपाटे घालू नकोस.

आता मुद्द्याचं. तू पत्रात चार ठिकाणी 'आमचा रस्ता' लिहिलंयस. कोर्टात या दोन शब्दांचे तीन वेगळे अर्थ होतात आणि तुझं प्रकरण त्यातल्या कुठल्या अर्थाचं आहे यावर सगळं ठरतं.

बोळाची जागाच दोघांच्या सामाईक मालकीची असेल, तर तू तिथली मालकीण आहेस. मग किती वर्षं वापरला हे सिद्ध करत बसायचं कारण नाही. एका सहमालकाला दुसऱ्याला बाहेर ठेवता येत नाही. जागा पुढच्या घराची असून तुम्हाला फक्त जाण्यायेण्याचा हक्क असेल, तर तो सुविधाधिकार, आपण ज्याला वहिवाट म्हणतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापर झाला की तो पक्का होतो. वाटणीमुळे मागचा हिस्सा कोंडला गेला असेल, तर कलम १३ खाली गरजेपोटीही मिळतो, पण परड्याला दुसरीकडून वाट निघाली की तो गरजेचा हक्क संपतो. आणि तिसरा अर्थ म्हणजे नुसती परवानगी. 'जा की, घरचेच आहात' म्हणून कुणी जाऊ दिलेलं. ती कितीही वर्षं चालली तरी तिचा वहिवाटीचा हक्क होत नाही.

या तिसऱ्या अर्थापायी माझा एक अशील बुडाला, ते तुला सविस्तर सांगतो. वकिलीच्या माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गृहस्थ शिक्षक होते, अतिशय सरळ. मागे घर, पुढे शेजारी, मधून आठ फुटांची वाट आणि तीस वर्षांचा वापर. मी निर्धास्त होतो. ते पिंजऱ्यात उभे असताना समोरच्या वकिलांनी फायलीतून एक निळं आंतरदेशीय पत्र काढलं. घड्यांवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेली. "ही सही तुमचीच ना?" शिक्षकांनी चष्मा पुसला, पत्र उजेडाकडे धरलं आणि हो म्हणाले. पत्र त्यांनी बदलीच्या गावाहून शेजाऱ्याला लिहिलेलं होतं. 'मुलीचं लग्न मांडवात आहे, आपण आजवर आम्हाला वाटेने जाऊ देत आलात, याही वेळी आपल्या परवानगीने बैलगाडी व सामान आत आणावे म्हणतो.' सभ्य माणसाने सभ्यपणे लिहिलेलं एक वाक्य. पण हक्क म्हणून चाललेला वापर त्या वाक्याने परवानगीचा ठरला. दावा गेला. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "मी नम्रपणे लिहिलं होतं हो." मी अशिलाला पहिल्याच दिवशी 'तुम्ही त्यांना कधी काही लिहून दिलंय का?' असं विचारायला हवं होतं. मी विचारलं नव्हतं. त्यानंतर एकाही अशिलाला हा प्रश्न विचारल्याशिवाय मी दावा लिहिला नाही, आणि आता तुला विचारतोय. बाबांनी, आजोबांनी, तू स्वतः व्हॉट्सअॅपवर कधी असं काही लिहिलंयस का? जुने मेसेज तपास. पुसू मात्र काही नकोस. जे असेल ते मला आधी कळू दे.

मग वाटणीपत्र. तुझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावाने १९७८ साली वाटणी केली आणि ती नोंदवलेली आहे असं बाबा म्हणत असत. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल काढ. वाचताना चतुःसीमेकडे नीट बघ. तुमच्या हिश्श्याच्या वर्णनात 'दक्षिणेस सामाईक बोळ' असं आहे, की 'दक्षिणेस भावाची मिळकत व त्यातून येण्याजाण्याची वाट' असं आहे? पहिल्यात मालकी आहे, दुसऱ्यात वहिवाट. रुंदी लिहिलीय का? 'पिढीजात' किंवा 'कायम' असे शब्द आहेत का? सोबत हातनकाशा जोडलेला असेल तर त्याचीही नक्कल घे, लोक तो विसरतात. त्यानंतर सिटी सर्व्हेतून दोन्ही मिळकतींची प्रॉपर्टी कार्डं आणि नकाशा. बोळाची जागा कुणाच्या क्षेत्रात धरलीय ते त्यावरून कळेल. हे हाती येईपर्यंत कुणाशी हक्काबद्दल तावातावाने बोलू नकोस.

वाटणीपत्र निघालं नाही आणि नुसत्या वापरावर भिस्त ठेवावी लागली, तर वेळेला फार किंमत आहे. तो वीस वर्षांचा काळ दावा लावण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत येऊन संपलेला असावा लागतो. अडवणूक झाल्याचं कळूनही तुम्ही वर्षभर मुकाट्याने सोसलंत, तर वापरात खंड पडला असं धरलं जातं. म्हणून 'बघू, दिवाळीनंतर बोलू' हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य इथे महागात पडतं.

चुलतभावाला आजच एक मेसेज पाठव. मी लिहून देतो तसाच, त्यात गोडवा घालायला जाऊ नकोस: 'दादा, बोळाच्या तोंडाशी फाटक बसवून कुलूप लावलं आहे. हा बोळ आपण दोन्ही घरं पहिल्यापासून जाण्यायेण्यासाठी वापरत आलो आहोत. कुलपाची एक किल्ली आजच आमच्याकडे द्यावी आणि आईला रिक्षातून दारापर्यंत आणता येईल एवढी वाट मोकळी ठेवावी.' 'कृपया परवानगी द्या' नाही, 'तुमच्या जागेतून' नाही. वडीलधारा आहे म्हणून दादा म्हणायचं, तेवढं पुरे.

किल्ली मागायला मी मुद्दाम सांगतोय. फाटक म्हणजे लगेच अडथळा, असं न्यायाधीश धरत नाहीत. चोरीची भीती असते, गुरं शिरतात, मालकाला फाटक लावावंसं वाटू शकतं. किल्ली दिली आणि ये-जा चालू राहिली तर फाटकावर भांडायला फारसं काही उरत नाही. किल्ली मागूनही दिली नाही, तर मात्र फाटक कशासाठी लावलं ते आपोआप दिसतं. जे काही उत्तर येईल ते जपून ठेव.

गाडीचं वेगळं आहे. दहा फुटांतून ती मोठी गाडी सहा फूट खाते. उरलेल्या चार फुटांतून तुझी स्कूटर जाते, रिक्षा जात नाही. टेपने मोज, टेप जमिनीवर धरलेली दिसेल असा फोटो काढ. आणि आता एक कडू गोष्ट. चौथ्या फोटोत तुमच्या बाजूच्या भिंतीला स्कूटर लावलेली आहे, तिच्यामागे विटांचा ढीग आणि वाळूची पोती. जाण्यायेण्याच्या हक्कात गाडी उभी करायचा हक्क येत नाही, सामान रचायचा तर नाहीच. त्यांच्या दारातल्या कुंड्या दरवर्षी वीतभर पुढे सरकल्या असं तू लिहिलंस. खरं असेल, माझ्या पाहण्यातली बरीचशी अतिक्रमणं कुंडीपासूनच सुरू झालेली आहेत. पण कोर्ट कमिशनर, म्हणजे जागा पाहून नोंद करायला कोर्टाने पाठवलेला माणूस, आला की तो त्यांच्या कुंड्या लिहील आणि तुमच्या विटाही. या शनिवारी माणूस लावून तो ढीग परड्यात हलव. स्कूटर आत घे.

आठ दिवसांत किल्ली आली नाही तर वकिलामार्फत नोटीस आणि पाठोपाठ दावा. तिथला वकील मी सुचवतो. त्याने काय मागायचं ते त्याला कळतं, पण तुला एवढं माहीत असू दे की तात्पुरत्या मनाईसाठी न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: प्रथमदर्शनी तुझ्या बाजूला काही आहे का, मनाई दिली नाही तर त्रास कुणाला जास्त होईल, आणि होणारं नुकसान पैशाने भरून येण्यासारखं आहे का. आईच्या ऑपरेशनचे कागद, फिजिओथेरपीच्या तारखा, रिक्षावाल्याचं म्हणणं, हे सगळं त्यात लागतं. पाया खणत असताना आली असतीस तर काम थांबवणं सोपं होतं. उभं फाटक दावा चालू असताना काढून घेणं अवघड असतं. म्हणून आधी कुलूप उघडं ठेवण्याचा हुकूम मागायचा. ते आधी कोर्टात जाऊन तुझ्या माघारी हुकूम आणतील अशी शंका वाटली तर कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला कळवल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, दाखल करून ठेव, नव्वद दिवस टिकतं.

हे सगळं लिहूनही मला मनापासून वाटतं की हे प्रकरण तडजोडीत मिटावं. दिवाणी दाव्याला वर्षं लागतात आणि तोवर त्याच बोळातून रोज जायचं असतं, एकमेकांकडे न बघता. अशा घरांतून मुलांची लग्नं वेगवेगळ्या मांडवांत झालेली मी पाहिली आहेत. मात्र तडजोड तोंडी करू नका. दोघांनी मिळून लेख लिहा आणि तो नोंदवा, म्हणजे उद्या त्यांनी पुढचं घर विकलं तरी घेणाऱ्याला तो पाळावा लागेल. दावा लागलेला असेल तर लोकअदालतीत मिटवा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. लेखात रुंदी फुटांत आणि मीटरमध्येही घाला. वरून छज्जा किंवा गॅलरी पुढे काढायची नाही हे घाला, कारण जमिनीवर दहा फूट मोकळे ठेवून वर टेम्पो अडेल असा छज्जा काढणारे लोक असतात. बोळाखालून तुमच्या नळाची आणि ड्रेनेजची पाइप जाते, तिचा उल्लेख हवाच. वाटेच्या हक्कात पाइपचा हक्क आपोआप येत नाही. फरशी उखडली तर खर्च कसा वाटायचा, गणपतीत आणि लग्नकार्यात पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या, हेही लिहा. क्षुल्लक वाटेल, पण भांडणं त्यावरूनच होतात.

राहिल्या माई. तुझ्या आजीच्या जाऊबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पुढच्या घरात खिडकीशी बसलेल्या. त्या बोळाची सगळी हकिकत जिवंत माणसांत फक्त त्यांनाच ठाऊक आहे. कुणी वकील तुला सांगेल की त्यांची साक्ष घेऊ, कमिशन नेमून घरीच नोंदवून घेऊ. कायद्याने ते करता येतं. तू करू नकोस. त्या ज्या घरात जेवतात त्या घराविरुद्ध त्यांना शपथेवर बोलायला लावायचं नाही, मग दावा थोडा लंगडा पडला तरी चालेल. त्यांना भेटायला मात्र जा. बाबांच्या तेराव्यानंतर तू गेलेली नाहीस, आणि त्या वाट बघतायत असं मला दोघांनी सांगितलं. बोळाचा विषय काढू नकोस. त्यांनी काढला तर ऐक.

पुढच्या रविवारी मी वाईला येतोय, सकाळी दहाच्या सुमारास. वाटणीपत्राची मूळ प्रत सापडली तर ती कुणाच्या हातात देऊ नकोस, माझ्याही नको. बँकेच्या लॉकरमध्ये ठेव आणि मला झेरॉक्स दाखव. पंधरा मीटरची टेप मी आणतो. फाटकाला कुलूप असेल तर फोन करीन, आपण दोघं बाहेरूनच मोजायला सुरुवात करू.

आईला नमस्कार. तिला म्हणावं, फिजिओथेरपी एक दिवसही चुकवायची नाही.

तुझा,
काका