चार दिवस, एक सॅक आणि आईंचं इन्सुलिन: बारीकसारीक वस्तू कशा लावाव्यात

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. होळीच्या सुट्टीत अमळनेरहून आईंना घेऊन नंदुरबार जिल्ह्यातलं थंड हवेचं तोरणमाळ, तापीकाठचं प्रकाशा तीर्थ आणि शेवटी सातपुड्यातल्या काठी गावची आदिवासींची राजवाडी होळी, असा चार दिवसांचा बेत. दोघींत मिळून पाठीवरची एक सॅक आणि आईंच्या खांद्याला कापडी पिशवी. कपडे मावतात, पण चार्जर, गोळ्या, चाव्या, सुट्टे पैसे, तेलाची बाटली सगळं तळाला जाऊन बसतं. त्यासाठी इलॅस्टिकच्या पट्ट्यांचा मोठा ऑर्गनायझर आणला, तर त्यानेच अर्धी सॅक अडवली. आईंना मधुमेह आहे, इन्सुलिनचं पेन चालू आहे.

मी आरोग्यसेवक म्हणून अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर बरीच वर्षं फिरलोय. एका खांद्याला लसीचा डबा, दुसऱ्या खांद्याला स्वतःची पिशवी, आणि रस्ता संपला की पायी. त्यामुळे या विषयावर थोडं सविस्तर लिहितो.

तो ऑर्गनायझर घरीच राहू द्या. वजन हा त्याचा एक दोष झाला. खरी अडचण अशी की तो वस्तू प्रकाराने लावायला लावतो: सगळ्या वायरी इकडे, सगळी औषधं तिकडे, सगळ्या ट्यूबा तिसरीकडे. प्रवासात वस्तू अशा लागतच नाहीत. शहाद्याच्या स्टँडवर गाडी लागली की एकाच वेळी दहा-वीसच्या नोटा, आईंची उलटीची गोळी आणि रुमाल हवा असतो. रात्री खोलीवर चार्जर, ब्रश आणि रात्रीची गोळी. म्हणून वस्तू काय आहे हे न बघता ती कधी आणि कुठे बसून लागणार ते बघा आणि तशी लावा. तीन जागा पुरतात: अंगावर, हाताशी आणि मुक्कामी.

अंगावरचं लवकर आटोपतं. फोन, थोडे पैसे, एक ओळखपत्र. रेल्वेत आता डिजिलॉकरमधलं आधार आणि लायसन्स चालतं, २०१८ पासून, पण तुम्ही जिथे जाताय तिथे फोनची बॅटरी आणि रेंज दोन्हींवर विसंबता येत नाही. मूळ कार्ड सोबत ठेवाच. मोलगीच्या पुढे तर यूपीआय नाहीच असं धरून चाला. काळी-पिवळीवाल्याकडे आणि चहाच्या टपरीवर पाचशेचे सुट्टे मागणं म्हणजे त्यालाही त्रास. निघण्याआधी दहा, वीस, पन्नासच्या नोटा जमवा. त्या दिवसभराला लागतील तेवढ्याच खिशात, बाकीचे पैसे दोघींत विभागून आतल्या चोरखिशात.

आता हाताशीचं. माझ्या मते सगळी गंमत इथे आहे. माझ्या आजोबांची चंची मी लहानपणी रोज बघायचो. जाड कापडाची वीतभर रुंद पट्टी, तिला एकाखाली एक कप्पे, पान, सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी, आणि गुंडाळी केली की वरून नाडी. अंधारात ओट्यावर बसून ते गप्पा मारता मारता न बघता नेमक्या कप्प्यात बोट घालायचे, कारण कप्प्यांचा क्रम कधी बदललाच नाही. मी प्रवासाला तशीच चंची शिवून घेतली आहे आणि तुम्हालाही तेच सुचवतो. अमळनेरच्या कुठल्याही शिंप्याला सांगा: मांजरपाट किंवा जुन्या सुती धोतराचं दुहेरी कापड, लांबी हातभर, रुंदी वीतभर, पाच कप्पे, प्रत्येक कप्प्याला वरून बोटभर झाकण, टोकाला नाडी. झिप नको. झिपेत धूळ गेली की अडकते, आणि आपल्याकडे मार्चपासून धूळ आहेच. वरच्या टोकाला एक लूप शिवून घ्या, म्हणजे एसटीत पुढच्या सीटच्या दांड्याला किंवा खोलीतल्या खिळ्याला ती उघडून टांगता येते. रिकामी असताना तिला वजन नाही आणि भरली तरी गुंडाळी मनगटाएवढीच होते.

माझ्या चंचीत वरून पहिल्या कप्प्यात सुट्टे पैसे आणि तिकिटं. दुसऱ्यात त्या दिवसाच्या गोळ्या, फक्त त्या दिवसाच्या. तिसऱ्यात छोटा टॉर्च. चौथ्यात सुई-दोरा, सेफ्टी पिना, नेलकटर, लिहायचं पेन. पाचव्यात आखूड वायर. तुमचा क्रम वेगळा असू द्या, फक्त एकदा ठरला की हलवू नका. काठीला होळी पहाटे पेटते, तोवर रात्रभर ढोल आणि नाच चालू असतो. त्या गर्दीत आणि अंधारात टॉर्च शोधायला दुसरा टॉर्च लागता कामा नये.

सुईबद्दल एक बारीक गोष्ट. सुई डबीत ठेवली की खडखडते आणि दोरा गुंततो. जुन्या लग्नपत्रिकेचा बोटभर तुकडा कापा, दोन्ही कडांना छोट्या खाचा करा, पांढरा आणि काळा दोरा त्यावर गुंडाळा आणि सुई त्याच पुठ्ठ्यात आडवी खोचा. चंचीच्या कप्प्यात तो कुठे आहे तेही कळत नाही इतका चपटा बसतो.

वायरी, गोळ्यांच्या पट्ट्या, गुंडाळलेला रुमाल हे सगळं बांधायला साधे रबरबँड वापरू नका. आपल्या उन्हात ते आधी चिकटतात, मग तुटतात, आणि चिकटलेला तुकडा वायरीवरून निघता निघत नाही. पंक्चरच्या दुकानात सायकलची टाकाऊ ट्यूब मागा, बहुतेक जण फुकट देतात. ती साबणाने धुऊन, वाळवून कात्रीने आडवी कापली की पाहिजे तेवढ्या रुंदीच्या कड्या निघतात. करंगळीएवढी रुंद कडी वायरीला, त्याहून अरुंद कडी गोळ्यांना. हे रबर उन्हात टिकतं. सॅकच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं तर दोन रुंद कड्या वेळ मारून नेतात.

आता औषधं. इथे मी थोडा आग्रही आहे, माझं कामच ते. गोळ्या पट्टीतून काढून एका डबीत एकत्र करू नका. आठवड्याच्या कप्प्यांची डबी घरी ठीक आहे, पण प्रवासात काही झालं तर समोरच्या डॉक्टरला गोळीचं नाव आणि मात्रा दिसली पाहिजे. पट्टी कापायची असेल तर नाव आणि मुदतीची तारीख नेहमी उरलेल्या तुकड्यावर राहील अशी विरुद्ध बाजूने कापा, मेडिकलवालेही तसंच करतात. शुगर तपासायच्या स्ट्रिपा तर कधीच मूळ डबीबाहेर काढू नका. ती डबी आतून ओल शोषून घेणारी असते आणि झाकण उघडं राहिलं की स्ट्रिपा खराब होऊन आकडा चुकीचा येतो. जागा वाचवायला लोक नेमकी तीच डबी टाकून देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये आणि एक झेरॉक्स चंचीत, एवढं असलं की बस.

इन्सुलिन. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली बाहेर ठेवलं तरी ठरावीक दिवस चालतं, साधारण चार आठवडे. नक्की किती ते पेनच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेवढं वाचून घ्या. होळीला आपल्याकडे पारा चाळिशीकडे सरकलेला असतो, तेव्हा खरी काळजी उन्हाची. सॅक एसटीच्या बॉनेटवर किंवा जीपच्या टपावर देऊ नका, काचेमागच्या उन्हातही ठेवू नका. इन्सुलिन थेट बर्फालाही लावू नका, गोठलं की ते वाया गेलं. लसीच्या डब्यातही आम्ही आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून लगेच घालत नाही. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतो, ते याच कारणासाठी. तुमच्यासाठी सोपा उपाय सांगतो: पेन छोट्या झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बंद करा, त्याभोवती ओलं करून पिळलेलं सुती फडकं गुंडाळा आणि हवा लागेल असं सॅकच्या बाहेरच्या जाळीच्या खिशात, सावलीच्या बाजूला ठेवा. फडकं दोन-तीन तासांनी पुन्हा ओलं करा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने हेही गार राहतं, आणि आपली हवा कोरडी असल्याने ते छान चालतं. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, तिथे रात्री गारठा असतो, तेव्हा वर पोहोचल्यावर फडक्याची गरज नाही.

आणि शुगर उतरली तर लागणारी साखर तुमच्या सॅकमध्ये नको, आईंच्या पिशवीत हवी. ज्याची वस्तू त्याच्याजवळ. गर्दीत तुम्ही दोघी दहा पावलं लांब झालात तरी त्यांना ती स्वतःच्या हाताने काढता आली पाहिजे. चॉकलेट वितळतं. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अशा दोन-तीन पुड्या बांधून द्या. एक पुडी पाण्यात घालून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्याच पिशवीत कागदावर तुमचा नंबर, आईंचं नाव, मधुमेह आणि इन्सुलिन असं ठळक मराठीत लिहून ठेवा.

ओआरएसची पुडी घेताना ती किती पाण्याची आहे ते बघा. मोठी पुडी एक लिटरला असते, छोटी २०० मिलिला. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात ढवळणं चुकीचं आणि त्रासदायक. तुमच्या पाण्याच्या बाटलीला जुळेल तीच घ्या. पण त्यातही साखर असते, तेव्हा आईंना किती द्यायचं ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

मुक्कामाची पिशवी साधी. ब्रश, छोटी पेस्ट, साबणाचा कापलेला तुकडा, चार्जर, उरलेल्या गोळ्या, पॉवर बँक. तुमची २०,००० एमएएचची पॉवर बँक चार दिवसांना जड आहे. दोन फोनना १०,००० ची पुरते, कारण शहादा आणि अक्कलकुव्याला चार्जिंग मिळेलच. पुढे कधी विमानाने गेलात तर पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते.

तेलाच्या बाटलीचं मात्र लक्षात ठेवा. घाट चढताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि तेल झाकणातून बाहेर येतं. झाकण लावण्याआधी प्लॅस्टिकची बाटली थोडी दाबून आतली हवा काढा आणि दाबलेली असतानाच झाकण फिरवा. खोबरेल असेल तर आणखी एक: ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. नंदुरबारला पातळ असलेलं तेल तोरणमाळला सकाळी घट्ट मिळेल. म्हणून अरुंद तोंडाच्या बाटलीपेक्षा रुंद तोंडाची फिरकीच्या झाकणाची छोटी डबी बरी.

बेताबद्दल न विचारताच एक सांगतो. प्रकाशा नंदुरबार-शहादा रस्त्यावरच आहे, तेव्हा ते जातानाच करा. नंदुरबारला रेल्वेने उतरून एसटीने प्रकाशा, तिथून शहादा, मग तोरणमाळ. परत शहाद्याला आलात की तळोदा, अक्कलकुवा, मोलगी असं काठीला. घाटात आईंना गाडी लागत असेल तर गोळी गाडी सुटण्याआधी अर्धा तास द्या, वळणं सुरू झाल्यावर दिलेली उपयोगी पडत नाही. त्यांच्या बाकीच्या औषधांसोबत ती चालते का, तेही डॉक्टरांना त्याच वेळी विचारा.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आली नाही: पेनच्या वापरलेल्या सुया. त्या चंचीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, जाड प्लॅस्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बाटलीत जमवा आणि घरी आल्यावर जवळच्या दवाखान्यात विचारून द्या. आई दिवसातून किती वेळा इन्सुलिन घेतात ते कळवा, म्हणजे किती सुया न्याव्यात आणि बाटली केवढी लागेल ते सांगतो.