भारतीय कविता मृत्यू स्वीकारते आणि पाश्चात्य कविता त्याला घाबरते, हे खरं आहे का?

नाही. अजिबात खरं नाही. आणि हे वाक्य मी पुस्तकात नाही, वडिलांच्या दहाव्याला तापीच्या घाटावर ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वडील छप्पनाव्या वर्षी गेले. रात्री जेवून झोपले, पहाटे उठलेच नाहीत. दहाव्याला पिंड ठेवले, कावळा शिवेना, लोक उन्हात ताटकळले होते. तेव्हा माझे धाकटे काका बोलायला उभे राहिले. हयातभर हायस्कुलात मराठी शिकवलेला माणूस, आवाज खणखणीत. त्यांनी तुकोबांचा अभंग म्हटला, ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य ॥’ मग म्हणाले, आपल्या संस्कृतीत मरण हा सोहळा आहे, छाती बडवणं ही बाहेरून आलेली रीत. आणि बायकांच्या घोळक्यात पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या आईकडे बघून, सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, म्हणून सांगतो, रडू नका." आईने पदर तोंडात कोंबला. तो आवाज दाबतानाचे तिचे खांदे मला अजून दिसतात.

रात्री सगळे पांगल्यावर मी तिच्याजवळ बसले. तीस वर्षं मेण लावून वर कुंकू लावलेली ती कपाळावरची जागा. आता तिथे रुपयाएवढा फिकट गोल उरला होता, आजूबाजूच्या रापलेल्या कातडीत उठून दिसणारा. त्यावर बोट ठेवून ती हळूच म्हणाली,

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

बहिणाबाई. आईचं माहेर बहिणाबाईंच्या गावापासून, आसोद्यापासून जवळच, तिकडे या ओळी बायांच्या तोंडात असतात. बहिणाबाईंनाही ऐन तिशीत वैधव्य आलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने ते चार ओळींत सांगितलं, आणि माझ्या आईला त्या रात्री तेवढंच पुरलं. मग ती मोकळेपणी रडली.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: मरणाच्या कवितेत देश, धर्म, संस्कृती हे नंतर बघायचं. आधी बघायचं की कोण मेलंय आणि बोलतंय कोण. स्वतःच्या मरणाविषयी बोलणारा कवी वेगळा, आणि मागे राहिलेला वेगळा. पहिला जगात कुठेही शांत असू शकतो. दुसरा कुठेही शांत नसतो.

जपानचंच घ्या. तिथे मरणाच्या दारात अखेरची कविता लिहायची परंपरा आहे, तिला जिसेई म्हणतात. हायकूकार बाशो १६९४ मध्ये ओसाकात शेवटच्या दुखण्यात पडला होता. तेव्हाचा त्याचा हायकू असा, की प्रवासात आजारी पडलोय, स्वप्नं मात्र वाळल्या माळावर भटकतायत. कुठे आक्रोश नाही. लोक हे वाचतात आणि ठरवून टाकतात, जपानी माणूस मरण सहज घेतो. मग इस्सा वाचा. १८१९ मध्ये त्याची तान्ही मुलगी देवीच्या आजाराने गेली. जग म्हणजे दवाचा थेंब, क्षणभंगुर, हे त्याच्या बौद्ध मनाला पुरतं ठाऊक होतं. त्याने लिहिलं: हे जग दवाचं आहे, दवाचंच आहे, आणि तरीही, तरीही. संपला हायकू. त्या दुसऱ्या ‘तरीही’पुढे सगळं तत्त्वज्ञान गप्प होतं.

गालिबने दत्तक घेतलेला आरिफ ऐन तारुण्यात गेला, तर गालिब त्याच्याशी चक्क भांडतो: ‘तन्हा गए क्यूँ, अब रहो तन्हा कोई दिन और’. एकटाच गेलास ना, मग राहा आता एकटा अजून काही दिवस. आपल्याकडे गडकऱ्यांच्या ‘राजहंस माझा निजला’मधली आई तर मूल गेलंय हे कबूलच करत नाही. यात कुठला स्वीकार आहे? आणि तिकडे अमेरिकेत एमिली डिकिन्सनच्या कवितेत मृत्यू घोडागाडी घेऊन सभ्यपणे न्यायला येतो, ती निवांत गाडीत बसते. यात कुठली भीती आहे? इंग्रज कवी टेनिसनचा मित्र हॅलम १८३३ मध्ये गेला, आणि त्याच्यावरची दीर्घ कविता १८५० मध्ये छापून आली. सतरा वर्षं त्याने तो शोक उराशी धरला. ही भीती नव्हे, माया आहे.

सातव्या शतकातली अरबी कवयित्री अल-खन्सा मला सगळ्यांत जवळची वाटते. भाऊ सख्र लढाईतल्या जखमेने गेला. ती म्हणते, सूर्य उगवला की मला सख्र आठवतो, मावळला तरी तोच. आणि भोवती आपापल्या भावांसाठी रडणाऱ्या इतक्या जणी नसत्या, तर मी जीव दिला असता. घाटावरच्या त्या बायकांच्या घोळक्याने माझ्या आईसाठी तेच केलं, काकांच्या भाषणाने नाही.

आता एक मान्य करते. वारकरी परंपरेत, उपनिषदांत मरणाकडे बघायची एक वेगळी, खोल नजर आहे, आणि पुनर्जन्म मानणाऱ्या समाजाच्या कवितेत तिचा रंग उतरतोच. तुमच्या प्रश्नात तेवढं तथ्य आहे. पण तुकोबांचा तो अभंग देह पडण्याविषयी नाहीच. मीपण मेलं आणि ते मरण मी जिवंतपणी पाहिलं, असं ते सांगतायत. दुसऱ्याचं माणूस गेलंय तिथे तो म्हणायचाच नसतो. आणि याच तुकोबांची बायको दुष्काळात गेली, तेव्हाचं त्यांनी काय लिहिलंय बघा: ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. सोहळा नाही, उपदेश नाही, रूपकसुद्धा नाही. तुम्हाला या विषयावर लिहायचं असेल तर हे दोन अभंग शेजारी ठेवा आणि तिथून सुरुवात करा.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी काकांना ही ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, "तो अभंग वेगळ्या संदर्भातला आहे." मी म्हटलं, "काका, संदर्भ बायको मेल्याचाच आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आईला विचारलं, "वहिनी, चहा टाकता का?"