चिनी शिकायला मित्रांचा अभ्यासगट पुरतो का, की क्लास लावावाच लागतो?

चीनमध्ये एमबीबीएस करताना आमचा पाच मराठी मुलांचा गट होता, म्हणून लिहितोय.

गट उपयोगी पडतो, पण गटात बसून तुम्ही करता काय, यावर सगळं आहे. आम्ही नुसते पेपर सोडवायचो. एचएसके ४ ला (एचएसके म्हणजे परदेशी लोकांसाठीची चिनी भाषेची परीक्षा, ४ ही तिची पातळी) तेव्हा १२०० शब्द होते आणि ३०० पैकी १८० मिळाले की पास. त्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं असायचं. बोलण्याची परीक्षा वेगळी असायची. आम्ही पाचही जण पास झालो आणि वॉर्डात गेल्यावर तोंड उघडेना.

गट चालवणाऱ्या सीनियर दादाचा नियम होता, वहीत देवनागरी चालणार नाही, फक्त पिनयिन, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले चिनी उच्चार. म्हणे देवनागरीमुळे उच्चार कायमचा बिघडतो. उलटीच्या शब्दापुढे मी 'थू' लिहिलं होतं. त्याने सगळ्यांसमोर ते लाल पेनाने खोडलं आणि वर इंग्रजी टी-यू लिहिलं. मी गप्प बसलो, याचा मला आजही राग येतो.

वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात एका आजींना उलटी झाली का, हे विचारायचं होतं. मी म्हणालो, "तू ल मा?" आजी नुसत्या बघत राहिल्या. तेच पुन्हा, मोठ्याने विचारलं. तरी तेच. मग वहीतला तो खोडलेला शब्द डोळ्यांपुढे आला. श्वास सोडून, सूर वरून झटकन खाली आणत म्हटलं, "थू ल मा?" आजींनी लगेच मान हलवली आणि तीन बोटं दाखवली.

पिनयिन चीनने १९५८ साली स्वीकारलं ते स्वतःच्या लोकांसाठी, इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी नाही. त्यातला टी म्हणजे आपला थ, डी म्हणजे त. पी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ, बी म्हणजे प. म्हणून तर बेइजिंग तिथल्या माणसाच्या तोंडून पेइचिंगसारखं ऐकू येतं. झेड तर सरळ 'चमचा'मधला च. हे सगळं आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे, आणि आपण ते इंग्रजी अक्षरांपायी सोडून देतो. दादा चूक होता.

हां, चिनीत चार सूर असतात, सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि देवनागरीत ते दिसत नाहीत. त्यांच्यासाठी मी शब्दाच्या डोक्यावर १ ते ४ आकडे टाकायचो. आणि फोनवर चिनी टाइप करायला पिनयिन लागतंच, त्यामुळे तेही शिका, फक्त इंग्रजीसारखं वाचू नका.

गटात चार-पाचच जण ठेवा आणि एक चिनी विद्यार्थी घ्याच. त्याला इंग्रजी बोलायचा सराव हवा असतो. अर्धा तास त्याचा, अर्धा तुमचा. क्लासचं म्हणाल तर पहिले दोन महिने लावा, सूर कानात बसेपर्यंत.